हिमबिबट्या आणि मावशींची शेळी

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)

भांडी आवरून झाली असतील अशा हिशेबानेच आम्ही या वेळेला बोलायला बसतो. झाली नसतील तर रेडिओ मोरीजवळ ओढून घ्या, आवाज थोडा वाढवा, आणि हात चालू ठेवून ऐका.

मागच्या महिन्यात आम्ही बिबट्याबद्दल बोललो होतो. रात्री शेतावर जाताना काय काळजी घ्यायची, पोराबाळांना कसं सांभाळायचं, असं सगळं. कार्यक्रम चालू असतानाच वरच्या वाडीतल्या एका मावशींचा फोन आला. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सरळ म्हणाल्या, "वाघरू मोजायला कॅमेरे आहेत, गाड्या आहेत, साहेब आहेत. माझी गाभण शेळी नेली, ती कुणी मोजली?"

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. "पुढच्या वेळी बोलू या, मावशी," म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि गाणं लावलं. पण नंतर आम्हा पाचही जणींना ते खात राहिलं. मावशींच्या शेळीचा पंचनामा झाला नव्हता. त्या कचेरीत दोनदा जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा फोटो कुठाय म्हणून विचारलं. फोटो काढायला मावशींकडे कसला फोन होता!

मग आम्ही वाचायला बसलो. मावशींचा प्रश्न याआधी कुणी विचारलाय का, हे शोधत होतो. तर विचारलाय. आपल्यापासून फार लांब, हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला, स्पितीच्या खोऱ्यात. आणि तिथे तो विचारला गेला म्हणून एका दुर्मिळ जनावराच्या अभ्यासाने वेगळीच वाट धरली. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

जनावर म्हणजे हिमबिबट्या. स्पितीतले लोक त्याला शेन म्हणतात. आपल्या बिबट्याचा हा लांबचा भाऊबंद, पण रंगाने राखाडी-पांढरट, अंगावर धुरकट ठिपके, पंजांच्या खालच्या बाजूलाही केस, आणि शेपूट चांगली हातभर-दोन हात लांब, जाडजूड. कड्यावरून उडी मारताना तोल सांभाळायला आणि झोपताना तोंडावर पांघरायला तीच शेपूट. हा वाघासारखी डरकाळी फोडत नाही. मध्य आशियातल्या आणि हिमालयाच्या पट्ट्यातल्या १२ देशांत तो राहतो. खडकावर बसला तर समोर असूनही दिसत नाही.

आता स्पिती कसं आहे ते डोळ्यांपुढे आणा. हिमाचल प्रदेशातल्या या खोऱ्यात किब्बर नावाचं गाव आहे, साधारण ४,२०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाया एकीवर एक उभ्या केल्या, तर तिच्या डोक्यावर हे गाव. झाड औषधालाही नाही. पाऊस जवळजवळ नाहीच, जे काही पडतं ते बर्फ. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत जव आणि मटार पिकवायचा, आणि बाकी सगळी भिस्त जनावरांवर. शेळ्या, मेंढ्या, याक, गाढवं, घोडे. हिवाळ्यात वाटा बंद. अशा ठिकाणी एखादी शेळी जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

१९९० नंतरच्या काळात चारुदत्त मिश्रा नावाचे एक तरुण अभ्यासक तिथे गेले. लोकांना वाटतं, हिमबिबट्याचा अभ्यास म्हणजे दुर्बीण घेऊन डोंगरावर बसायचं. त्यांनी सुरुवात केली ती घराघरांत जाऊन. किती जनावरं आहेत, किती गेली, कशाने गेली, सरकारकडून काय मिळालं. १९९७ साली त्यांनी हे सगळं छापलं. तीन गावं, मिळून ८० घरं. दीड वर्षात त्या घरांची १८९ जनावरं हिंस्र प्राण्यांनी मारली, असं लोकांनी सांगितलं. गावांतल्या एकूण जनावरांपैकी १८ टक्के. एका घराचं वर्षाचं नुकसान हे तिथल्या माणसाच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याएवढं.

आणि सरकारी भरपाई? नुकसानीच्या ३ टक्के. शंभर रुपये गेले, तर तीन रुपये हातात.

हा आकडा आम्ही मावशींना फोन करून वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "तीन तरी मिळाले त्यांना."

मैत्रिणींनो, आम्हाला या अभ्यासातली आणखी एक गोष्ट पटली, जरी ती ऐकायला कडू आहे. मिश्रांनी गावाची बाजू घेऊन गोड गोड लिहिलं नाही. मागच्या दहा वर्षांत गावांतली पाळीव जनावरं जवळजवळ ३८ टक्क्यांनी वाढली होती, हेही त्यांनी मोजलं आणि लिहिलं. जनावरं वाढली की डोंगरावरचं गवत तीच खातात. मग भरल, म्हणजे तिकडची रानमेंढी, तिला चरायला उरत नाही. भरल कमी झाली की हिमबिबट्याला रानात शिकार मिळत नाही, आणि तो येतो वाड्याकडे. यात खलनायक कुणीच नाही. गवत तेवढंच, खाणारी तोंडं वाढली, एवढंच.

पण नुसतं लिहून कुणाचं पोट भरत नाही. म्हणून पुढची गोष्ट महत्त्वाची. १९९८ मध्ये किब्बर गावाने आपल्या कुरणाचा एक तुकडा मोकळा सोडायचं ठरवलं. तिथे गावची जनावरं चारायची नाहीत, त्याबद्दल गावाला मोबदला मिळेल, आणि राखण गावातलीच मुलं करतील. काही वर्षांत त्या तुकड्यावर भरल पुन्हा वाढल्या. मग २००२ च्या सुमारास गावाने जनावरांचा विमा सुरू केला. हा कंपनीचा विमा नाही हो. आपली भिशी असते ना, तसा. प्रत्येक घराने आपल्या जनावरांमागे ठरलेले पैसे भरायचे, सुरुवातीला बाहेरूनही थोडी मदत मिळाली, आणि जनावर गेलं तर खात्री करून पैसे द्यायचे ते गावच्याच समितीने. कचेरी नाही, चकरा नाहीत. आणि खोटं बोलायचीही सोय नाही! कुणाची शेळी शेनने नेली आणि कुणाची कड्यावरून पडली, हे गावात लपतं का कधी? आपल्या बचत गटात कुणाचा हप्ता खरंच अडलाय आणि कुणाचा मुद्दाम, हे आपल्याला कळतंच की.

हे सगळं हिमबिबट्याच्या अभ्यासात कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर मंगोलियातून मिळालं. तिथल्या तोस्त नावाच्या डोंगररांगेत २००८ पासून हिमबिबट्यांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांचा माग ठेवला जातो. पट्टा ठरावीक वेळाने आपली जागा उपग्रहाला कळवतो. त्यातून कळलं की एका नराला वावरायला साधारण २०० चौरस किलोमीटर डोंगर लागतो. मग अभ्यासकांनी हिमबिबट्यांच्या मुलुखातली १७० राखीव क्षेत्रं तपासली. त्यांतली ४० टक्के एका नरालाही पुरी पडणारी नव्हती. म्हणजे कितीही अभयारण्यं आखली तरी हे जनावर राहणार माणसांच्या कुरणातच, गुराख्यांच्या आणि मेंढपाळांच्या शेजारी. शेळी मोजल्याशिवाय त्याला वाचवायचा हिशेब पुरा होतच नाही. मावशी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

आता उरलेलं अर्धं. जे जनावर दिसतच नाही, ते मोजायचं कसं?

पूर्वी माग बघून, पावलं बघून अंदाज बांधायचे. मग त्याची विष्ठा गोळा करून प्रयोगशाळेत तपासू लागले. त्यात काय खाल्लं ते केसांवरून, हाडांच्या तुकड्यांवरून कळतं. विष्ठा नक्की हिमबिबट्याची की कोल्ह्याची, हेही तपासणीत कळतं, आणि अनुभवी माणसंही त्यात फसतात म्हणे. आता मुख्य साधन म्हणजे कॅमेरा. खडकाला किंवा दगडांच्या रचनेला बांधून ठेवलेला, माणसाशिवाय चालणारा. समोरून गरम अंगाचं काही हललं की आपोआप फोटो निघतो. हिमबिबट्याला खडकावर मूत्र फवारून आणि मागच्या पायांनी माती उकरून आपल्या खुणा ठेवायची सवय असते. त्या जागा ठरलेल्या असतात, कड्याच्या कडेला, कपारीखाली. कॅमेरा तिथे लावायचा. आणि त्या जागा कुणाला माहीत असतात? तिथे जन्मभर गुरं राखलेल्या माणसांना.

आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कुणासारखे नसतात, तसे प्रत्येक हिमबिबट्याचे ठिपके वेगळे. फोटो शेजारी शेजारी ठेवून ठिपके जुळवायचे, आणि हा तोच की दुसरा ते ठरवायचं.

आपल्या देशात सरकारने हिमबिबट्यांची पहिली देशभरची मोजणी २०१९ ते २०२३ या काळात केली. १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले. माणसं १३,४५० किलोमीटर डोंगर पायी तुडवून आली. २०२४ च्या जानेवारीत आकडा जाहीर झाला: भारतात ७१८ हिमबिबटे. त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. पण कॅमेऱ्यात वेगवेगळे म्हणून ओळखू आले ते फक्त २४१.

आम्ही वाचता वाचता इथेच अडखळलो. आमच्यातली एक म्हणाली, "दिसले २४१ आणि सांगितले ७१८? आपण गटाच्या वहीत असं लिहिलं तर बँकवाले उभं करतील का दारात?"

शंका रास्त आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत हा खेळ करून बघा. एका पातेल्यात वाल घ्या, न मोजता. त्यातले ४० बाहेर काढा आणि प्रत्येकाला नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. सुकले की परत पातेल्यात टाका, चांगले कालवा. आता डोळे मिटून ५० वाल काढा. त्यात ठिपकेवाले किती ते बघा. समजा ५ निघाले. पन्नासात पाच, म्हणजे दहात एक. मग पातेल्यातही दहात एक ठिपकेवाला असणार. ठिपके तर आपण ४०च लावले होते. म्हणजे पातेल्यात वाल साधारण ४००. आता सगळे मोजून खात्री करा. अगदी तंतोतंत येणार नाही, पण जवळपास येईल. आमचं पहिल्या खेपेला बरंच चुकलं, कारण नीट कालवलं नव्हतं. (ते ठिपकेवाले वाल नंतर भाजीत टाकू नका. आमच्याकडे टाकायला निघाल्या होत्या एक जण.)

हिमबिबट्याच्या बाबतीत ठिपके देवानेच लावलेत. पहिल्या फोटोत दिसलेले किती जण पुढच्या फोटोंत परत दिसतात, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज करायचा. अर्थात, तो वालासारखा सगळीकडे कालवला जात नाही. ज्याचा त्याचा डोंगर ठरलेला. म्हणून कुठला कॅमेरा कुठे होता हेही हिशेबात धरावं लागतं, आणि त्यासाठीचं गणित मोठं आहे. पण मूळ कल्पना हीच, पातेल्यातल्या वालाची.

आता यातली मेख बघा. तुमच्या ५० वालांत पाचांना ठिपका होता, पण दोघांचा ठिपका तुम्हाला दिसलाच नाही. तुम्ही धरले तीनच. मग हिशेब येतो ६६७! चारशेचे झाले पावणेसातशे, दोन वालांच्या चुकीने. हिमबिबट्यांच्या मोजणीत नेमकी अशीच चूक होते का, हे काही अभ्यासकांनी तपासलं आणि २०२० मध्ये छापलं. त्यांनी प्राणिसंग्रहालयांतले १६ हिमबिबटे घेतले. कोण कुठला हे आधीच पक्कं माहीत होतं. त्यांचे कॅमेऱ्यातले फोटो आठ जणांना दिले आणि सांगितलं, ओळखा. आठ जणांनी चुका केल्या, आणि बहुतेक चुका एकाच बाजूच्या होत्या. एकच जनावर, पण अंग वाकडं, उजेड कमी, फोटो पुसट, म्हणून त्याला दुसरं समजले. त्या चुकांमुळे आकडा सरासरी एक तृतीयांशाने फुगला. जिथे तीन, तिथे चार.

आम्हाला या अभ्यासाचं फार अप्रूप वाटलं. आपल्याच पद्धतीतली खोट शोधायची आणि छापून सगळ्यांना सांगायची, याला धाडस लागतं. आकडा फुगला तर फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा? २०१७ मध्ये या जनावराचं नाव जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' या रकान्यातून काढून एक पायरी खाली, 'असुरक्षित' मध्ये टाकलं. १९७२ पासून ते वरच्या रकान्यात होतं. त्यावर अभ्यासकांमध्ये चांगलाच वाद झाला. जगातल्या हिमबिबट्यांच्या मुलुखाचा अगदी छोटा भागच काटेकोर मोजून झालेला असताना धोका कमी झाला असं म्हणायचं कसं, असं एका बाजूचं म्हणणं. आम्हाला विचाराल तर आमचाही कौल त्याच बाजूला. घरात पीठ किती उरलंय हे डबा न उघडता सांगणाऱ्या माणसावर आपण भरवसा ठेवतो का?

म्हणून आकडा ऐकला की त्याच्या अलीकडचं-पलीकडचंही विचारायचं. हिमाचल प्रदेशाची गोष्ट घ्या. तिथल्या पहिल्या मोजणीत, २०२१ साली, ५१ हिमबिबटे असल्याचं सांगितलं. २०२५ मध्ये दुसऱ्या मोजणीचा आकडा आला, ८३. बातम्यांत लगेच आलं, चार वर्षांत केवढी वाढ! पण अभ्यासकांनी नुसता एक आकडा दिलेला नसतो. पहिल्या वेळी त्यांनी म्हटलं होतं, ३४ ते ७३ च्या दरम्यान, बहुधा ५१. दुसऱ्या वेळी म्हटलं, ६७ ते १०३ च्या दरम्यान, बहुधा ८३. आता बघा, ७० हा आकडा दोन्हींत बसतो. वाढ झाली असेलही, आणि झाली असेल तर आनंदच आहे. पण एकावन्नाचे त्र्याऐंशी झाले असं छातीठोकपणे सांगायला अजून एक-दोन मोजण्या लागतील.

या दुसऱ्या मोजणीत एक नवी गोष्ट घडली, आणि तीच सांगण्यासाठी खरं तर आम्ही आज हा विषय घेतला. डोंगरात कॅमेरे लावण्याच्या कामात किब्बरची मुलं आधीपासून होती. या वेळी किब्बर गावातल्या बायकांचा एक गट फोटो तपासण्याच्या कामात बसला. संगणकावर. हजारो फोटो. कशात नुसतंच गवत हललेलं, कशात भरल, कशात कोल्हा, कशात गावातलंच गाढव. त्यातून शेन शोधायचा, मग त्याचे ठिपके जुळवायचे. आठ जणांच्या परीक्षेचं आत्ताच सांगितलं ना, ते हेच काम. इथे नजर चुकली तर सगळ्या राज्याचा आकडा चुकतो.

आम्ही विचार करत होतो, या बायकांना हे कसं जमलं असेल. मग वाटलं, न जमायला काय झालं? दीडशे मेंढरांत आपली कुठली आणि शेजारणीची कुठली, हे आपल्याकडच्या धनगर घरातली बाई तोंडावरून ओळखते. गोधडीचा टाका कुणाच्या हाताचा हे आपण लांबून सांगतो. नजर होतीच. तिचा उपयोग विज्ञानाला आहे, हे कुणीतरी ओळखायला हवं होतं. आणि ज्यांच्या वाड्यातली मेंढी गेलीय, त्याच आता तिला नेणाऱ्याचे ठिपके ओळखतात.

बायकांवरून मंगोलियाचं आणखी एक सांगायचं राहिलं. तिथे मेंढपाळांच्या घरांतल्या बायका लोकरीच्या वस्तू करतात, चपला, खेळणी, आसनं. १९९८ पासून बायारजारगल अग्वानत्सेरेन या बाईंनी काहींच्या सोबतीने यातून एक काम उभं केलं. बायकांच्या मालाला भाव मिळवून द्यायचा, आणि त्या भागात वर्षभरात कुणी हिमबिबट्या मारला नाही, तर वर बोनस. पण मारला, तर बोनस एकट्याचा जात नाही, सगळ्यांचा जातो. आपल्या गटकर्जासारखंच! एकीने हप्ता चुकवला की दहा जणींच्या डोक्याला ताप. त्यामुळे मग घरातले पुरुष बंदूक काढायला लागले तर कोण अडवत असेल, ते तुम्हीच ओळखा. याच बाईंनी पुढे खाणींविरुद्ध लढून तोस्तचा डोंगर राखीव करून घेतला, आणि २०१९ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा मोठा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच तोस्तमध्ये पट्ट्यांमुळे हेही कळलं की हिमबिबट्याची पिल्लं आईजवळ जवळजवळ पावणेदोन वर्षं राहतात. म्हणजे एक मादी मारली गेली की तिच्यामागे न शिकलेली पोरं उपाशी मरणार, हे आलंच.

आता परत आपल्या डोंगराकडे येतो. आपल्याकडे हिमबिबट्या नाही, हे खरं. पण अभ्यासातून काय निघतं हे आपल्या जुन्नर भागात बघायला मिळालंय. २००१ पासून तिथे पकडलेले बिबटे मोठ्या संख्येने दुसरीकडे नेऊन सोडायला लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, नंतर ते १७ वर गेले. पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा, हे आपण सगळेच मागतो. आम्हीही मागितलंय. आपण मागतो तेच आपल्या अंगावर येतं, हे नोंदी नसत्या तर कळलं नसतं.

आणि एक गोष्ट स्पितीतली. तिथे अलीकडे पाळीव जनावरं मारण्यात मोकाट कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं दिसून आलंय.

हे वाचलं आणि आम्ही चार वाड्यांत मिळून एक वही सुरू केली. साधी शाळेची, दोनशे पानी. जनावर गेलं की लिहायचं: तारीख, वेळ, कुठलं जनावर, गाभण की दुभतं, वाड्याचं दार बंद होतं का, वर जाळी होती का, गळ्यावर दातांच्या खुणा होत्या की मागच्या मांडीला लचके होते, आणि बघणारं कोण. शेळी उचलायची नाही, हलवायची नाही, लगेच वनरक्षकाला कळवायचं आणि कळवल्याची वेळही लिहायची. फोटोसाठी प्रत्येक वाडीत एकीचा फोन नेमून दिलाय. रात्री दोनला हाक मारली तरी तिने उठायचं.

वही सुरू होऊन पाच आठवडे झाले. चार नोंदी आल्यात. त्यांतल्या एकीत मांडीचे लचके आहेत, मागच्या बाजूने ओढलेलं आहे, आणि चिखलात पावलं आहेत ती नखांसकट उमटलेली. बिबट्या चालताना नखं आत ओढतो, कुत्र्याला ते जमत नाही. ज्यांची शेळी गेली त्या वहिनी हे मान्य करायला तयार नाहीत, कारण कुत्र्याने मारलं तर भरपाई कुठली? भांडणच झालं त्या दिवशी. आम्ही तिथे गप्प बसलो, कारण त्यांचंही चूक नव्हतं. वहीत मात्र जे दिसलं तेच लिहिलंय.

पहिलं पान मावशींचं आहे. त्यांची शेळी वही सुरू होण्याआधीची, म्हणून नियमाने ती बसत नव्हती. पण मावशी म्हणाल्या, "माझ्यापासून सुरुवात करा." तेव्हा केली. तारीख त्यांना आठवत नव्हती. चंपाषष्ठीच्या आदल्या रात्री, एवढंच ठाऊक होतं. तेच लिहिलंय.

पुढच्या बुधवारी याच वेळेला वाड्याला जाळी कशी बसवायची, खर्च किती येतो आणि गटाच्या कर्जातून ती घेता येईल का, यावर बोलू. वालाचा खेळ करून बघितलात तर किती आले आणि खरे किती निघाले, ते कळवा. आम्ही आकडे वाचून दाखवू, चुकलेलेही.